वाचकांचे प्रश्न : एकाच चित्रीकरणातून माहितीपट आणि पुस्तक

प्रश्न : मी प्राध्यापक आहे. माहितीपटासाठी ६० तासांचं चित्रीकरण झालंय, त्यात २२ तास मुलाखती आहेत. त्यावर पुस्तकही लिहायचंय. शिकवणं सांभाळून आधी कशाला हात घालू?

उत्तर : मूळ फाइलींच्या तीन प्रती नसतील तर आजच करा, त्यातली एक दुसऱ्या वास्तूत ठेवा. १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने चित्रीकरण केलं असेल तर तासाला ४५ जीबी होतात. म्हणजे एकूण २.७ टीबी, एक प्रत ४ टीबीच्या डिस्कवर बसते.

मग मुलाखती उतरवायला घ्या, संकलन नको. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, पण हे काम दोन तासिकांच्या मधेही पुढे सरकतं. संकलनाचं तसं नसतं. चार दिवस खंड पडला की कोणता शॉट कुठे आणि का लावला, हे आठवण्यातच एक दिवस जातो. ते सलग सुट्टीसाठी राखा.

प्रत्येक उत्तरापुढे फाइलचं नाव आणि टाइमकोड, म्हणजे ते फाइलमध्ये कितव्या मिनिट-सेकंदाला येतं तो आकडा, हवाच. बहुतेकांचं इथेच चुकतं : मजकूर नीट उतरतो, पण ते वाक्य चित्रीकरणात सापडत नाही. यंत्राकडून उतरवून घेतलंत तरी बोली, नावं आणि आकडे कानांनी तपासा.

निवड करताना एक कसोटी खूप उपयोगी पडते. तारखा, आकडे, कारणांची साखळी असलेलं उत्तर पुस्तकाचं. प्रेक्षकाला पान मागे उलटता येत नाही. बोलता बोलता माणूस थांबतो, शब्द शोधतो, ती जागा माहितीपटाची. कागदावर तिची तीन टिंबं उरतात.

प्रश्न : संमतिपत्रात फक्त ‘माहितीपटासाठी’ असं लिहिलंय. पुस्तकाला ते चालेल?

उत्तर : चालणार नाही असंच धरा आणि नव्याने सही घ्या. पुस्तक, त्याची भाषांतरं, वर्गात दाखवणं आणि न वापरलेला भाग जतन करणं, हे चारही स्वतंत्रपणे नमूद करा. सोबत छापायचा उतारा जरूर पाठवा, कारण बोलताना सहज वाटलेलं वाक्य छापलेलं वाचताना माणसाला बोचू शकतं. नकार आला तर उतारा काढून टाका. नाव बदलून भागत नाही; तोच माणूस चेहऱ्यासकट पडद्यावर आहे, आणि दोन्ही पाहणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो.