थायलंडमध्ये नोकरीसाठी राहणाऱ्या भारतीयांना तिथले पोलीस खरंच त्रास देतात का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमचा मित्र सांगतो, "पोलिसाने अडवलं की पासपोर्टात दोनशे बाट ठेवायचे, विषय संपला." हा मित्र माझा साडू तर नाही ना? कारण हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात ऐकतोय, त्याच्या मागोमाग पोलिसांनी पापलेट खाल्ल्याची गोष्ट येते, सगळे हसतात, आणि ती गोष्ट चूक आहे. म्हणून एवढं टाइप करतोय, नाहीतर मी इथे फक्त वाचायला येतो.

मी २०१४ ते २०२१ सीराचाला होतो, चोनबुरी प्रांत, पट्टायाच्या अलीकडे. तिकडे गाड्यांच्या पार्टच्या कंपन्या रांगेने आहेत, आमच्या चिंचवड-चाकणसारखंच वातावरण, फक्त समुद्र जवळ आणि जपानी लोक जास्त. साडू बँकॉकला औषधाच्या कंपनीत. थोरल्या मेहुणीचे मिस्टर, त्यामुळे मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो आणि ऐकून घेतो. आज नाही घेणार.

२०१६ चा फेब्रुवारी, रविवार. भाऊसाहेब आणि मेहुणी सीराचाला आलेले. सकाळी मी आणि भाऊसाहेब माझ्या स्कूटरवर आंग सिलाच्या मासळीबाजारात गेलो, पापलेट घेतले, बर्फ घालून डबल पिशवीत बांधले आणि परत निघालो. माझ्या डोक्यावर हेल्मेट, त्यांच्या डोक्यावर टोपी. मी दोनदा सांगितलं होतं, ते म्हणाले "अहो रविवारी कोण असतंय."

रविवारीच असतात. सुखुमवित रोडवर उताराला वळण घेतलं आणि समोर 'दान', म्हणजे नाकाबंदी. केशरी कोन, एक घडीचं टेबल, मोठी छत्री, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शेजारीच एका मावशीची बर्फाच्या सरबताची गाडी. एक तरुण पोलीस आणि एक पन्नाशीचा. थाई पोलिसांचा तपकिरी युनिफॉर्म तुम्ही पाहिला असेल, शिंप्याने अंगावरच शिवल्यासारखा. तरुणाने हात दाखवला, सॅल्यूट केला (हो, आधी सॅल्यूट) आणि "बाय खाप खी" म्हणाला, म्हणजे लायसन्स.

आता माझी चूक. माझ्याकडे थाई लायसन्स होतं पण कारचं. तिथे कार आणि मोटरसायकल ही दोन वेगळी कार्डं असतात, आणि कंपनीच्या एजंटने फक्त कारचं काढून दिलं होतं. भारतातून नेलेलं इंटरनॅशनल परमिट एक वर्षाचं, ते कधीच संपलेलं. दीड वर्ष मी बिनधास्त स्कूटर फिरवत होतो. म्हणजे एक गुन्हा माझा आणि एक भाऊसाहेबांच्या टोपीचा.

तरुणाने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि खुर्चीतल्या साहेबाला ओरडून काहीतरी सांगितलं, त्यात 'खॅक' हा शब्द आला. भाऊसाहेब तिथेच तापले. बँकॉकला इतकी वर्षं काढून त्यांचा समज असा की ही शिवी आहे. खॅक म्हणजे पाहुणा, आणि त्याच शब्दाने ते आपल्याला, पाकिस्तानी-बांगलादेशींना, अरबांना सगळ्यांनाच ओळखतात. सीलोमच्या मारीअम्मन देवळाला सगळं बँकॉक 'वाट खॅक' म्हणतं, त्यात काय शिवी आहे? गोऱ्याला फरांग, आपल्याला पाहुणा. कधीकधी सूर तुच्छतेचा असतो हे मान्य, पण त्या दिवशी नव्हता. तो फक्त सांगत होता की इंडियन आहे, कार्ड कारचं आहे.

आणि मग भाऊसाहेबांनी तो प्रसिद्ध हात केला. पाकिटातून शंभराच्या दोन नोटा, चार घड्या, तळहातात लपवून हस्तांदोलनाला पुढे. तरुण पोलीस एकदम लाजला, अक्षरशः कान लाल झाले त्याचे. हस्तांदोलन तिकडे कोण करतंय, ते हात जोडतात. त्याने मागे वळून साहेबाकडे पाहिलं. साहेब खुर्चीतून उठला, शांतपणे आला, नोटांकडे बघितलंसुद्धा नाही आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पाय रोंग फाक." चौकीवर जा. माझं कार्ड ठेवून घेतलं आणि चिठ्ठी फाडून दिली. मी "खाप, खाप" करत हात जोडले. आवाज चढवला नाही, गॉगल काढला होता. यातलं साडूने काय केलं ते सोडा.

गाडी तिथेच कडेला लावायची होती आणि पिशवीतून पाणी गळत होतं. तरुणाने पिशवीकडे बोट दाखवलं, मी म्हटलं "प्ला", मासे. त्याने पिशवी उचलली आणि चालायला लागला. बस, इथपर्यंतच भाऊसाहेबांनी पाहिलं, कारण तेवढ्यात विनवाला आला (केशरी जाकीट घातलेला मोटरसायकल टॅक्सीवाला) आणि त्याने आधी यांना हेल्मेट दिलं, त्यात यांचं डोकं बसेना. मी पाहिलं की तो तरुण पोलीस पिशवी घेऊन सरबताच्या मावशीकडे गेला, तिने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि पिशवी आत ठेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लग्नात ही ओळ कोणी ऐकत नाही.

चौकीत रांग होती, सगळ्यांच्या हातात तशीच चिठ्ठी, सगळे थाई. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'फक्त फॉरेनरला पकडतात' हेही लोक छातीठोकपणे सांगतात. काचेमागे एक पोलीसबाई, समोर छोटा फॅन, शिक्का, रजिस्टर. मी चिठ्ठी आणि पासपोर्ट दिला आणि बाकावर बसलो. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, माझ्यामागून आलेले गेले. बाई मधूनमधून "खुन दात्तात्राय" असं काहीतरी ओरडत होती आणि कोणी उठत नव्हतं. चौथ्या वेळेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचं नाव असतं, तिने तेच उचललं होतं. माझे वडील २००८ ला गेले. एसटीत कंडक्टर होते, अठ्ठावीस वर्षं, चेकिंगमध्ये एकदाही पैसे कमी-जास्त निघाले नाहीत हे त्यांचं एकमेव भांडवल. आणि त्यांच्या नावाने सीराचाच्या बाजूच्या एका चौकीत दंडाचा पुकारा चालला होता. मी उठलो तेव्हा घशात काहीतरी अडकलं होतं, बाईला वाटलं मी घाबरलोय, ती म्हणाली "जाय येन येन", म्हणजे शांत व्हा, गार व्हा. पाणी दिलं तिने.

सहाशे बाट. लायसन्सचे आणि हेल्मेटचे मिळून. शिक्क्याची पावती, वर तारीख २५५९ सालची, कारण तिथे बुद्ध संवत चालतं, आपल्या सालात ५४३ मिळवायचे. भाऊसाहेब म्हणाले, "बघा, पाचशे वर्षांचा दंड ॲडव्हान्स घेतला." हा विनोदही ते लग्नात करतात, तो मात्र चांगला आहे. ती पावती माझ्याकडे अजून आहे, वडिलांच्या नावाची.

परत आलो तर दान उठलेलं. कोन नाहीत, छत्री नाही, पोलीस नाहीत. स्कूटर जागेवर. भाऊसाहेब विजयी चेहऱ्याने, "खाल्ले! पापलेट खाल्ले!" मी मावशीकडे गेलो, तिने न विचारता पेटी उघडली आणि पिशवी काढून दिली, वर नवीन बर्फ घातलेला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. मी तिच्याकडून दोन सरबतं घेतली. भाऊसाहेबांचं म्हणणं, सहा होते, पाच आले.

असो. तुमचा प्रश्न होता त्रास देतात का.

रोजच्या जगण्यात तुमचा पोलिसांशी संबंध रस्त्यावर कमी आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर जास्त येणार, कारण तिथे इमिग्रेशन हे पोलीस खात्याचाच भाग आहे. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, विसरलात तर दंड. तुम्ही राहायला आल्याचं घरमालकाने चोवीस तासांत कळवायचं असतं, त्याला टीएम ३० म्हणतात, आणि घरमालक ते करत नाही, मग काउंटरवर तुमचं काम अडतं. मला एकदा आठशे बाट बसले, मालकिणीने हसून खांदे उडवले. कायद्याने जबाबदारी तिची होती. घर घेतानाच तिच्याकडून ती पावती मागून घ्या आणि पासपोर्टातच ठेवा. व्हिसा संपून राहिलात तर दिवसाला पाचशे बाट, जास्तीत जास्त वीस हजार, पण हा खेळ खेळू नका, पुढे बंदीही घालतात.

अपघात झाला तर पोलिसांच्या आधी मोटरसायकलवरून इन्शुरन्सवाला येतो, फोटो काढतो, दोघांची समजूत घालतो आणि बहुतेक वेळा तिथेच मिटतं. पासपोर्ट हरवला तर चौकीत तक्रार नोंदवून कागद घ्यायचा, तो घेतल्याशिवाय एम्बसीत गेलात तर हेलपाटा. १९१ पोलीस, ११५५ टुरिस्ट पोलीस, तिथे इंग्रजी चालतं आणि नोकरीवाल्यांनाही मदत करतात. ई-सिगारेट भारतातून नेऊ नका, तिकडेही बेकायदा आहे आणि नाकाबंदीवर नेमकी तीच शोधतात. कोणाबद्दल रागात नाव घेऊन फेसबुकवर लिहू नका, बदनामी हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. राजघराण्याबद्दल तर कौतुकाशिवाय तोंडच उघडू नका. आणि मोटरसायकलचं लायसन्स काढाच. मी त्या प्रकरणानंतर महिन्याभरात काढलं. रंग ओळखायचे, ब्रेकवर पाय किती पटकन जातो ते बघतात, मग अरुंद फळीवरून पाय न टेकता गाडी न्यायची. चिंचवडच्या खड्ड्यांत शिकलेल्याला ती फळी म्हणजे काहीच नाही, पहिल्या फटक्यात पास.

आता पैसे खातात का? खातात. मी काही त्यांचा वकील नाही. २०२३ च्या जानेवारीत बँकॉकच्या हुआय ख्वांग भागात एका तैवानी अभिनेत्रीला नाकाबंदीवर थांबवून २७ हजार बाट घेतल्याचं प्रकरण किती गाजलं, आधी पोलीस नाही म्हणत होते, मग कबुली आली. रात्री बाराला पट्टायात किंवा बँकॉकला असोकच्या चौकात प्यालेल्या अवस्थेत सापडलात तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही, मी दहाला झोपणारा माणूस. आणि मी निळं वर्क परमिटचं पुस्तक बाळगणारा, कंपनीच्या गाडीतून फिरणारा. आमच्याच शॉपवर म्यानमारची पोरं होती, गुलाबी कार्डवाली (परदेशी मजुरांचं ओळखपत्र), ती नाकाबंदी दिसली की दोन किलोमीटरचा वळसा घालायची. कागद सगळे बरोबर असूनही. एकाने मला विचारलं होतं, तुम्हाला भीती कशी वाटत नाही? तेव्हा मला कळलं की पोलीस चांगला की वाईट हे तुम्ही कुठल्या देशातून आलात आणि कोणता शर्ट घातलाय यावरही ठरतं. 'पाहुणा' म्हणून आपल्याला जे मिळतं ते त्यांना मिळत नाही.

आणखी एक, साडू हे वाचणारच म्हणून आधीच सांगून टाकतो. २०१८ ला रायोंगच्या रस्त्यावर चुकीच्या लेनमध्ये शिरलो तेव्हा मी तीनशे बाट दिलेत, पावती न घेता. पोरगी मागच्या सीटवर तापाने फणफणलेली, चौकी उलट दिशेला. पोलिसानेच "इथेच देता का" विचारलं. दिले. बायको तेव्हापासून पावतीचा विषय निघाला की माझ्याकडे बघते.

पण भाऊसाहेबांची पद्धत वेगळी. समोरच्याने मागायच्या आधी नोट काढायची आणि मग वर म्हणायचं की थाई पोलीस भ्रष्ट. त्या पोराने मागितले होते का? त्याचे कान लाल झालेले तुम्हीपण पाहिलेत भाऊसाहेब.

पापलेटांचं म्हणाल तर बायकोने सकाळी पाच आणायला सांगितले होते, पाच माणसं होतो, माझी सासूपण आलेली. रात्री प्रत्येकाच्या ताटात एक आलं. फक्त कोळिणीने नग मोजून दिले नव्हते, किलोवर दिले होते, आणि पिशवी बांधताना मी पैसे देत होतो.