‘तिकडं कोण नाहीच की ओ!’

“मॅडम, पोरगं कानात हेडफोन घालून रात्रभर हसालाय. तिकडं कोण नाहीच की ओ! येड लागलंय काय?”

बेळगावात माझ्याकडे येणाऱ्या पालकांची ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. ही आई खानापूर तालुक्यातली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, आता पीयूसीसाठी (म्हणजे अकरावी-बारावीसाठी) बेळगावातल्याच शहापुरात मामाकडे. वर्गात कानडी नाहीतर इंग्रजी, म्हणून हा गप्प. रात्री मात्र रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळात याचं टोळकं जमायचं.

मोबाईल काढून घ्या, असा मामांचा एकच धोशा. मी म्हटलं, आधी बघू तरी. माझ्या लॅपटॉपवर त्याला खेळ उघडायला लावला, आईला शेजारी बसवलं. अंगाने किरकोळ असलेला हा पोरगा पडद्यावर चांगला उंचापुरा, निळ्या जॅकेटातला. तेवढ्यात एक अवतार, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी खेळातलं रूप, धावत येऊन अगदी समोर ठाकला आणि आईने झटकन खुर्ची मागे सरकवली. मग स्वतःच हसल्या.

असं होतंच. सेकंड लाईफ या आभासी जगाचा 2007 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा तिथले अवतारही आपल्यासारखंच अंतर राखताना आणि फार जवळ आले की नजर चुकवताना दिसले. त्याच वर्षी निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांना आढळलं, की उंच अवतार मिळालेली माणसं वाटाघाटीत जास्त ठाम राहतात. आमचा पोरगाही तिथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत हुकूम सोडत होता. “तिकडं कोण हसत नाहीत,” म्हणाला.

तेव्हा ‘तिकडं कोण नाही’ हे काही खरं नव्हे. माणसं आहेत, म्हणून तर मला काळजी वाटली. समोर कोणी उभं आहे असं वाटलं की भरवसाही लवकर बसतो. टोळक्यातल्या एकाचंही खरं वय याला ठाऊक नव्हतं, आणि स्वतःच्या कॉलेजचं नाव मात्र सांगून बसला होता! त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. कॉलेज, फोटो, पैसे यातलं काही तिथे द्यायचं नाही, आणि अकरानंतर मोबाईल मामांच्या खोलीत, हे त्याने कुरकुरत का होईना, मान्य केलं.

व्यसनाचं म्हणाल, तर खेळावरचा ताबा सुटून झोप, अभ्यास, घर सगळंच बिघडलं आणि ते साधारण वर्षभर चाललं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार म्हणते. हा तिथवर गेला नव्हता.

वर्गात अजून फारसा बोलत नाही. निपाणीच्या एका मुलाशी मात्र क्रिकेटवरून कडाकडा भांडतो म्हणे.