बीटल्स खरंच हॅम्बुर्गमध्ये घडले का?

बऱ्याच अंशी हो. निदान स्टेज गाजवायला तरी ते तिथेच शिकले. ऑगस्ट १९६० ते डिसेंबर १९६२ दरम्यान इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या या रॉक बँडची पोरं ५ वेळा जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेली आणि इंद्रा, कायझरकेलर, टॉप टेन, स्टार-क्लब अशा क्लबांत वाजवत राहिली. इंद्रामध्ये रोज साडेचार तास आणि शनिवार-रविवारी ६ तास स्टेजवर. इतका वेळ भरायला हाताशी असलेली गाणी पुरणार कशी? मग नवी बसवायची, जुनी ताणायची. समोर खलाशी आणि पिणारे, आणि नुसतं उभं राहून वाजवलं की मालक ब्रुनो कोशमिडर 'शो करा!' म्हणून ओरडणार. (पहिल्याच खेपेला बँडचा गिटारवादक, १७ वर्षांच्या जॉर्ज हॅरिसनला वय कमी म्हणून परत पाठवलं, ते वेगळंच.) फक्त कशातही पारंगत व्हायला १०,००० तास सराव लागतो आणि बीटल्सनी तो हॅम्बुर्गमध्ये केला, असं जे सांगतात ते '१०,००० तासां'चं गणित फार मनावर घेऊ नका, हॅम्बुर्गमधले एकूण तास हजार-अकराशेच्या आसपास भरतात. शिवाय तेव्हा बहुतेक काळ ड्रमवर पीट बेस्ट होता, बीटल्सचा पुढे प्रसिद्ध झालेला ड्रमर रिंगो स्टार बँडमध्ये आला तो ऑगस्ट १९६२मध्ये.