पुण्याच्या 2011 च्या स्विफ्ट डिझेलचं इंजिन माझ्या 2011 च्याच गाडीत बसेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी निपाणीची, तिथंच नवी घेतलेली, आणि इंजिन सीझ (आतून जाम) झालंय. पुण्यात त्याच वर्षाच्या, अपघातातल्या गाडीचं इंजिन मिळतंय आणि विकणारा म्हणतो, ‘इंजिन तेच आहे, डोळे झाकून बसवा.’

डोळे झाकून बसवू नका. मी बेळगावात उद्यमबागला इंजिनकाम करतो. आमच्या भागात ‘त्याच वर्षाचं’ या शब्दावर विसंबून फसलेली माणसं मी बरीच बघितलीत.

इंजिन तेच, हे खरं आहे. 1248 सीसी, मूळ डिझाइन फियाटचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) 69.6 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 82. स्विफ्टमध्ये ते 2007 ला आलं, मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंटो, सगळीकडं गेलं. मारुतीनं ते 2020 ला बीएस-6 (भारत स्टेज, म्हणजे गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचा नियम) आल्यावर सोडलं. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनात ब्लॉक-क्रँकचा सांगाडा तोच राहतो, भोवतालचं मात्र बदलत जातं.

त्यात तुमचं नेमकं 2011. त्या वर्षी ऑगस्टमध्ये स्विफ्टची बॉडीच बदलली. माउंटिंग, वायरिंग, एसीचे आणि रेडिएटरचे पाइप हे इंजिनाप्रमाणं नसतात, गाडीप्रमाणं असतात. म्हणून वर्ष सोडा, महिना बघा. आरसीवर गाडी बनल्याचा महिना असतो तो धरा, पासिंगची तारीख नको. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी पासिंग होते, हे नेहमीचंच.

याहून मोठी अडचण बीएस-3 आणि बीएस-4 ची. एप्रिल 2010 ला बीएस-4 लागू झालं ते आधी फक्त 13 शहरांत. पुणे, मुंबई, सोलापूर, बेंगळुरू त्यात होती. बेळगाव आणि कोल्हापूर नव्हती. सगळ्या देशाला ते एप्रिल 2017 ला लागलं. म्हणजे आपल्या हायवेची दोन्ही टोकं, पुणे आणि बेंगळुरू, बीएस-4 आणि मधले आपण बीएस-3. एकाच महिन्यात बनलेल्या, एकाच रंगाच्या दोन स्विफ्ट, एक पुण्याची, एक निपाणीची, दोघींचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इंजेक्टर (डिझेल फवारणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) वेगळा असू शकतो. बाहेरून काही कळत नाही.

मी हे अनुभवावरून सांगतोय. खानापूर तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकानं पुण्याहून अख्खं हेड (इंजिनाचा वरचा भाग) इंजेक्टरसकट आणलं. त्याची गाडी बीएस-3, हेड बीएस-4 चं. सगळे बोल्ट बिनतक्रार बसले. गाडी चालूही झाली, पण स्लो रनिंगला थरथरायची आणि धूर मारायची. दोन दिवस मी वायरिंग शोधत बसलो. शेवटी इंजेक्टर काढून नंबर ताडले, तर शेवटची अक्षरं वेगळी. शिवाय प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड असतो. तो स्कॅनर लावून ईसीएमला सांगावा लागतो, तेव्हा कुणाला किती डिझेल सोडायचं ते त्याला कळतं. त्याचेच जुने इंजेक्टर दुरुस्त करून घातले, तेव्हा गाडी शांत झाली. दोन्ही नंबर आधीच शेजारी ठेवून बघितले असते तर त्या माणसाचे पैसे वाचले असते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या जागी मी असतो तर पुण्याहून फक्त हाफ इंजिन आणलं असतं: ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड. इंजेक्टर, ईजीआर, सेन्सर, वायरिंग आपलंच ठेवायचं. ईसीएमसुद्धा आपलाच, कारण किल्लीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) त्याच्याशी जोडलेला असतो. पण इंजिन ऑइलअभावी सीझ झालं असेल तर कॅमशाफ्ट आणि टर्बोचा शाफ्टही उघडून बघा, ऑइलविना तेही घासून झिजलेले असतात. टर्बो बदलायचाच झाला तर आपल्या नंबरचाच. अर्टिगा, एसएक्स-4 ला हेच इंजिन 90 पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) यायचं आणि त्याचा टर्बो व्हेरिएबल, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणं हलणारा, असायचा. तुमच्या 75 पीएसच्या ईसीएमला तो चालवता येत नाही. आणि हेड गॅस्केट ‘स्विफ्टचं द्या’ म्हणून घेऊ नका. डिझेलचं गॅस्केट जाडीच्या ग्रेडमध्ये येतं. ब्लॉक बदलला की पिस्टन किती वर येतो ते डायल गेजनं मोजून ग्रेड ठरवायची.

पार्ट नंबर वाचायला शिका, अवघड नाही. सुझुकीत पहिले पाच आकडे वस्तू सांगतात: 16510 म्हणजे ऑइल फिल्टर, 13780 म्हणजे एअर फिल्टर. फरक असतो तो पुढच्या आकड्या-अक्षरांत. कंपनीच्या काउंटरवर चेसिस नंबर दिला की तुमच्या गाडीचा नेमका नंबर निघतो. जुना नंबर बंद करून नवा दिला असेल तर तेही तिथंच दिसतं. अशा वेळी नवा भाग जुन्या गाडीला चालतो, पण जुना नव्याला चालेलच असं धरू नका.

पुण्याला जाण्याआधी विकणाऱ्याकडून त्या गाडीच्या आरसीचा फोटो मागवा आणि भारत स्टेज कुठलं ते विचारा. तो फोटो देत नसेल तर जाऊ नका. बिल मात्र जपून ठेवा. ब्लॉक बदलला की इंजिन नंबरही बदलतो आणि त्याची नोंद तुम्हाला चिक्कोडीच्या आरटीओत करून घ्यावी लागेल.