एकाच इंजिनात षटकोनी, बारा पॉइंट, ऍलन, टॉर्क्स असे वेगवेगळ्या हेडचे बोल्ट का असतात?

सॉकेट शिरायला किती जागा आहे आणि बोल्ट किती टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायचा आहे, या दोन गोष्टींवर हेड ठरतं. जागा मोकळी असेल तर साधं षटकोनी हेड पुरतं. पाना कुठेही मिळतो आणि गंजलं तरी पकड बसते. ॲल्युमिनियमवर मात्र फ्लँजवालं (खाली चकतीसारखी कड असलेलं) षटकोनी हेड लावतात, कारण रुंद फ्लँज दाब पसरवते. नाहीतर हेड मऊ धातूत रुततं आणि बोल्टचा ताण उतरतो.

कनेक्टिंग रॉडजवळ (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) क्रँककेसची, म्हणजे त्याभोवतीच्या कवचाची, भिंत अगदी लागून असते. तिथे बारा पॉइंट हेड येतं: त्याच जाडीच्या बोल्टला लहान सॉकेट चालतो, तरी टॉर्क पूर्ण घेतं, आणि पाना दर 30 अंशांवर बसतो. ऍलनच्या हेडमध्येच षटकोनी खाच असते, त्याला बाहेरून सॉकेटची जागाच लागत नाही, म्हणून ते खोल खड्ड्यात बसवतात. एम 8 ला (8 मिमी जाडीच्या बोल्टला) 6 मिमीची की लागते. पण खाचेत चिखल भरलेला असताना की अर्धवट बसते आणि कोपरे गोल होतात. आधी टोच्याने साफ करा, मग की ठोकून पूर्ण आत बसवा. टॉर्क्सच्या, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेच्या, कडा जवळजवळ सरळ असल्याने पाना बाहेर ढकलला जात नाही.

हेडच्या आकारावरून बोल्टची ताकद मात्र कळत नाही. त्यासाठी हेडवरचा 8.8, 10.9 किंवा 12.9 हा आकडा पाहा आणि बदलताना तोच ग्रेड घ्या.