बाइकच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग घरी बदलता येते का? स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर नसेल तर?

तुम्ही विचारलंय की दोन शॉकअपच्या १५० सीसी बाइकची मागची स्प्रिंग मित्राकडून हाताने दाबून घेऊन बदलली तर चालेल का. घरी बदलता येते, पण कृपा करून हाताने दाबून नको.

हिशेब बघा. समजा स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे, बसवलेली असताना ती २० मिमी दबलेली आहे आणि कॉलेट (स्प्रिंगला टोकाशी अडवून धरणारी कडी) काढायला आणखी १० मिमी दाबावी लागतेय. झाले ६०० न्यूटन, म्हणजे साधारण ६० किलोंचा भार. तो मित्राने पेललेला असताना तुमची बोटं नेमकी कॉलेटपाशी. त्याचा हात सटकला की बोटं गेलीच. मोटारीचा कॉम्प्रेसरही वापरू नका. त्याचे जाड हुक बाइकच्या वेटोळ्यांत नीट बसत नाहीत आणि अर्धवट अडकलेला हुकच निसटतो. बाइकसाठीचा लहान कॉम्प्रेसर पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा.

त्याआधी दोष स्प्रिंगचाच आहे ना, ते तपासा. सीट दाबून सोडल्यावर मागचा भाग दोन-तीनदा उसळतो का? रॉडजवळ तेल ओघळलंय का? मग डँपर, म्हणजे उसळी शमवणारा आतला तेलाचा भाग, गेलाय. त्यावर कडक स्प्रिंग चढवलीत तर बाइक जास्तच उसळेल. अशा वेळी पूर्ण शॉकअपची जोडीच बदला. शॉकअपला गॅसची डबी असेल तर तिची टोपी घरी उघडूच नका, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

बाइक सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. एका वेळी एकच शॉकअप काढा, म्हणजे दुसरा चाकाला धरून ठेवतो. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) चकती सगळ्यात मऊ खाचेवर आणा. हुक समोरासमोर लावा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, हातपान्यानेच. स्प्रिंग वाकडी होतेय असं दिसलं की थांबा, सैल करा, पुन्हा लावा. चष्मा घाला, शॉकअपचं तोंड स्वतःकडे नको. रॉड पकडीत धरू नका. त्यावर पडलेला ओरखडा ऑइल सील फाडतो.

नवी स्प्रिंग घेताना जुनीची मोकळी लांबी, आतला व्यास आणि तारेची जाडी मोजून न्या. जाडीत जरा फरक पडला तरी खूप पडतो: बाकी मापं तीच ठेवून ८ मिमीऐवजी ८.५ मिमी तार आली, तर स्प्रिंग सुमारे २७ टक्के कडक होते. दाट वेटोळी जुनीला ज्या बाजूला होती त्याच बाजूला ठेवा. कॉम्प्रेसर सैल करण्याआधी कॉलेट खाचेत पूर्ण बसलाय हे टॉर्च लावून बघा. घाईत इथेच चूक होते.

दोन्ही बाजू झाल्या की प्रीलोड दोन्हीकडे एकाच खाचेवर ठेवा. मग चाक अधांतरी असतानाची आणि तुम्ही सीटवर बसल्यावरची मागची उंची मोजा. या दोन उंचींतला फरक म्हणजे बाइक किती बसली ते; मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के ती बसायला हवी. फारच कमी बसली तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे, खड्ड्याचा गचका थेट पाठीला बसेल.