ज्याने अजून हो म्हटलेलं नाही, तो ‘उमेदवार’ कसा?

एका वाचकाचा प्रश्न आहे: “अमेरिकेची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोन-अडीच वर्षं लांब असते, तेव्हापासूनच आपल्याकडच्या बातम्यांत ‘अमुक पक्षाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार’ म्हणून दहा-बारा नावं यायला लागतात. त्यातल्या अनेकांनी अजून तोंडही उघडलेलं नसतं. त्यांना उमेदवार म्हणणं मराठीत बरोबर आहे का? इच्छुक, दावेदार, संभाव्य यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि नॉमिनेशनला नामांकन म्हणावं की उमेदवारी?”

माझं उत्तर स्पष्ट आहे: उमेदवार म्हणू नये. मात्र असं लिहिणाऱ्यांच्या बाजूने शब्दाचं मूळ उभं राहतं, त्यामुळे ते आधी पाहायला हवं.

‘उमेद’ फारसीतून आली, तिला ‘वार’ हा प्रत्यय लागला. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. जुन्या मराठीत हा शब्द निवडणुकीचा नव्हताच. कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेने बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करणारा तो उमेदवार, आणि त्याची ती वर्षं म्हणजे उमेदवारी. वकिलाकडे, छापखान्यात, गॅरेजमध्ये लोक उमेदवारी करत. “त्याने दहा वर्षं उमेदवारी केली, तेव्हा कुठे हात बसला” हे वाक्य आजही कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एसटीच्या आणि वीज कंपनीच्या जाहिरातींत ‘शिकाऊ उमेदवार’ अजून भेटतो. या जुन्या अर्थाने पाहिलं तर व्हाइट हाऊसची आशा मनात धरून असलेला प्रत्येक सिनेटर आणि गव्हर्नर उमेदवारच ठरतो.

पण निवडणुकीच्या संदर्भात मराठीने या शब्दाचा अर्थ नेमका करून घेतला आहे. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निवडणूक-तंट्यांसाठी उमेदवाराची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार रीतसर नामनिर्देशन झालेली किंवा तसं झाल्याचा दावा करणारी व्यक्ती म्हणजे उमेदवार. सामान्य माणूसही तसाच बोलतो. अर्ज भरण्याआधी गल्लीतला कार्यकर्ता ‘इच्छुक’ असतो, पक्षाने नाव जाहीर केलं की ‘उमेदवार’ होतो, छाननीत अर्ज टिकला की ‘रिंगणात’ असतो. या पायऱ्या आपल्याकडे इतक्या पक्क्या आहेत की नगरपालिकेच्या बातमीत त्यांची सरमिसळ झाली तर वाचक लगेच हटकेल. अमेरिकेच्या बातमीत मात्र आपण ती खपवून घेतो, आणि मला खटकतं ते हेच.

ही सरमिसळ का होते तेही सांगतो. अमेरिकेतली व्यवस्था वेगळी आहे आणि तिथल्या कायद्यात ‘कँडिडेट’ लवकर जन्माला येतो. संघराज्याच्या पदासाठी कोणी पाच हजार डॉलरपेक्षा जास्त निधी गोळा केला किंवा खर्च केला, की कायद्याच्या लेखी तो कँडिडेट. पक्षाने त्याला निवडलेलं असो वा नसो. पक्षाने निवडलेल्याला तिथे वेगळा शब्द आहे, ‘नॉमिनी’. आपण दोघांनाही ‘उमेदवार’ म्हणतो, आणि मग वाक्य होतं, “डेमोक्रॅटिक पक्षाच्या आठ उमेदवारांमध्ये उमेदवारीसाठी चुरस.” उमेदवाराला उमेदवारी हवी आहे, म्हणजे नेमकं काय हवं आहे? वाचणारा इथे अडखळतो आणि चूक त्याची नसते.

शिवाय त्या पाच हजारांच्या अलीकडेही तिथे एक अवस्था आहे. उभं राहावं की नाही याचा अंदाज घेण्यापुरता खर्च करायला कायदा मुभा देतो, आणि त्यासाठी पुष्कळदा समिती नेमली जाते. तिला ‘अन्वेषण समिती’ म्हटलेलं मी वाचलं आहे. ते वाचून डोळ्यांपुढे पोलीस तपास उभा राहतो. आपल्याकडे याला सरळ, रोजच्या वापरातला शब्द आहे, ‘चाचपणी’. तीच चाचपणी समिती.

एक खरं उदाहरण घेऊन या पायऱ्या उतरवून पाहू. बराक ओबामा यांचं नाव डेमोक्रॅटिक पक्षाच्या २००४ च्या बोस्टन अधिवेशनातल्या भाषणापासून लोकांच्या तोंडी होतं. जानेवारी २००६ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत आपण २००८ ला उभे राहणार नसल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्याच कार्यक्रमात, आपण विचार करत आहोत असं ते म्हणाले. १६ जानेवारी २००७ ला चाचपणी समितीचे कागद दाखल झाले. १० फेब्रुवारीला इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या जुन्या विधानभवनासमोर, कडाक्याच्या थंडीत, जाहीर घोषणा. ३ जानेवारी २००८ ला आयोवा राज्यातल्या उमेदवारीच्या लढतीत विजय. जूनच्या सुरुवातीला पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे पुरेसे प्रतिनिधी पदरात. आणि ऑगस्टच्या अखेरीस डेन्व्हरच्या अधिवेशनात पक्षाची उमेदवारी.

मराठीत हे असं सांगता येतं: २००५ मध्ये ओबामांचं नाव ‘चर्चेत’ होतं. ऑक्टोबर २००६ पासून ते ‘संभाव्य’ आणि ‘इच्छुक’. जानेवारी २००७ मध्ये त्यांची ‘चाचपणी’ सुरू झाली. फेब्रुवारीत ते ‘दावेदार’ म्हणून पुढे आले. जून २००८ मध्ये त्यांची ‘उमेदवारी निश्चित झाली’. आणि ऑगस्टपासून ते ‘उमेदवार’. सगळे शब्द घरचे आहेत, एकही घडवावा लागला नाही. जो ‘उमेदवार’ आपण २००५ लाच खर्च करून टाकतो, तो २००८ मध्ये हवा असतो, आणि तेव्हा ‘अधिकृत उमेदवार’ म्हणून त्याला विशेषणाची काठी द्यावी लागते.

उलट उदाहरण मारिओ क्युओमो यांचं. न्यूयॉर्कचे हे गव्हर्नर १९८४ च्या अधिवेशनातल्या भाषणानंतर सतत चर्चेत राहिले, १९८८ साठीही आणि १९९२ साठीही. २० डिसेंबर १९९१ हा न्यू हॅम्पशरमध्ये अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. ऑल्बनीच्या विमानतळावर त्यांना न्यायला विमान तयार होतं. ते गेले नाहीत. उभे राहणार नसल्याचं त्यांनी त्या दिवशी जाहीर केलं. इतकी वर्षं ज्यांच्या नावाभोवती आडाखे बांधले गेले, ते राष्ट्राध्यक्षपदासाठी कधीच उमेदवार नव्हते. त्यांना उमेदवार म्हणणारी बातमी त्या दिवशी खोटी ठरली. ‘चर्चेतलं नाव’ म्हणणारी खोटी ठरली नाही, कारण चर्चा खरोखरच होती.

आता शब्द एकेक घेऊ.

‘संभाव्य’ हा सर्वांत प्रामाणिक. त्यात अंदाज लिहिणाऱ्याचा आहे, त्या व्यक्तीच्या तोंडी काहीच घातलेलं नाही.

‘भावी’ टाळावा. ‘भावी पत्नी’ म्हणतो तेव्हा लग्न ठरलेलं असतं. महाराष्ट्रातल्या चौकाचौकांत ‘भावी आमदार’, ‘भावी मुख्यमंत्री’ असे फलक लागतात ते समर्थकांच्या हौसेचे. बातमीची भाषा ती नव्हे.

‘इच्छुक’ मला फार आवडतो. पण आपल्याकडे त्याला एक खास वास चिकटला आहे: इच्छुक कोणाकडे तरी जातो. पक्ष ‘इच्छुकांच्या मुलाखती’ घेतो, इच्छुक मुंबईच्या, दिल्लीच्या वाऱ्या करतात, नाव कापलं गेलं की त्यांतलेच काही बंडखोर होतात. अमेरिकेत १९६८ पर्यंत चित्र याच्या बरंच जवळ होतं. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणारी मतदारांची निवडणूक) न लढवता, पक्षातल्या पुढाऱ्यांच्या बळावर, शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळवली. त्यावरून इतका असंतोष झाला की डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधी निवडण्याचे नियमच बदलले, प्रायमरींना निर्णायक महत्त्व आलं. मग ज्याला उमेदवारी हवी त्याला राज्याराज्यांतल्या मतदारांपर्यंत पोचणं भाग पडलं, आणि त्याला वेळ लागतो. जॉर्जियाचे जिमी कार्टर यांनी डिसेंबर १९७४ मध्ये घोषणा केली आणि उमेदवारी मिळाली जुलै १९७६ मध्ये. नावांची चर्चा दोन-दोन वर्षं आधी सुरू होण्यामागे हे मोठं कारण आहे. म्हणून घोषणा करून लोकांत उतरलेल्या माणसाला ‘इच्छुक’ म्हटलं की तो कोणाच्या तरी दारात बसला आहे असं चित्र होतं. घोषणेआधी कार्यकर्ते जमवणाऱ्या, आयोवात उगाचच सभा घेऊ लागलेल्या माणसाला मात्र ‘इच्छुक’ चपखल बसतो. फारच उतावळा असेल तर ‘गुडघ्याला बाशिंग बांधलेला’ आहेच.

‘दावेदार’ हिंदीतून आला म्हणून काही जण नाक मुरडतात. ‘दावा’ मात्र आपल्या कोर्टकचेरीत जुनाच रुळलेला आहे. आपण दावा लावतो, दावा दाखल करतो, वैर काढायचं असलं तर दावा साधतोही. कोर्टात दावा आधी दाखल करावा लागतो. हेच इथे कामाला येतं: ज्याने जाहीरपणे हक्क सांगितला तो दावेदार. म्हणून घोषणेनंतर, अधिवेशनापूर्वी, हा शब्द उत्तम. गप्प बसलेल्या माणसाला ‘प्रबळ दावेदार’ म्हणणं चूक, कारण त्याने दावा केलेलाच नाही.

आपल्याकडे उलटंही घडतं, आणि ते २००७ मध्येच घडलं. ओबामांच्या स्प्रिंगफील्डच्या घोषणेला चार महिने झाले होते. दिल्लीत राष्ट्रपतिपदासाठी नावांची चर्चा होती, त्यात लातूरच्या शिवराज पाटील यांचं नाव पुढे होतं. १४ जून २००७ ला नाव जाहीर झालं ते राजस्थानच्या तेव्हाच्या राज्यपाल, जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांचं. १९ जुलैला निवडणूक झाली आणि २५ जुलैला त्यांचा शपथविधी. मराठी व्यक्ती म्हणून शिवसेनेने आपली आघाडी बाजूला ठेवून त्यांना मत दिलं हे अनेकांना आठवत असेल. प्रतिभाताई आधी इच्छुक नव्हत्या, दावेदार नव्हत्या, चर्चेच्या पहिल्या ओळीतही नव्हत्या. त्या थेट उमेदवार झाल्या. एका देशात दीड वर्ष दावेदार राहून उमेदवार होता येतं, दुसऱ्यात एका संध्याकाळीत. दोन्हीकडे एकच शब्द सरसकट वापरला तर हा फरकच नाहीसा होतो.

‘नामांकन’बद्दल फार लिहायला नको. पुरस्कारांसाठी तो रुळला आहे, तिथेच असू द्यावा. निवडणुकीत ‘उमेदवारी मिळाली’ इतकं पुरे. सरकारी कागदाला ‘नामनिर्देशनपत्र’ आहेच.

‘तिकीट’ मात्र फसवा आहे. आपल्याकडे तिकीट म्हणजे पक्षाची उमेदवारी: मिळतं, कापलं जातं, नाकारलं जातं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या पदांसाठीच्या जोडीला तिकीट म्हणतात. तिथलं ‘ओबामा-बायडन तिकीट’ मराठीत ‘ओबामा-बायडन जोडी’ असंच यायला हवं.

प्रायमरीला ‘प्राथमिक निवडणूक’ म्हटलं की शाळा आठवते. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ जवळचा वाटतो, पण आपल्याकडे त्याचा अर्थ संघटनेतल्या पदांची निवडणूक असा होतो, आणि न्यू हॅम्पशरसारख्या राज्यात कुठल्याच पक्षात नोंद नसलेले मतदारही प्रायमरीत मत देतात. ‘प्रायमरी’च ठेवावं. या शब्दाचा अर्थ किती जवळचा आहे ते बेळगावकरांना चांगलं माहीत आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तिसरे आले, उमेदवारी ग्रेचेन व्हिटमर यांना मिळाली. ठाणेदार तेव्हा उमेदवारीचे दावेदार होते, पक्षाचे उमेदवार नव्हते. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी त्यांनी आधी प्रायमरी जिंकली, मग ते उमेदवार झाले, मग निवडून आले. आपल्या माणसाची वाटचाल सांगतानाही हा फरक लागतोच.

प्रश्नातल्या एका वाक्याकडे मात्र आवर्जून लक्ष वेधतो: ‘अमुक पक्षाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार’. मराठीत याचा सरळ अर्थ पक्षाचा अध्यक्ष होऊ पाहणारे असा होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर हे काँग्रेस पक्षाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार होते. तिथे ही रचना अगदी बरोबर. देशाच्या प्रमुखपदाबद्दल बोलायचं असेल तर ‘पक्षाच्या’ ऐवजी ‘पक्षाकडून’ किंवा ‘पक्षातर्फे’ घ्यावं आणि ‘राष्ट्राध्यक्षपदासाठी’ लिहावं: ‘रिपब्लिकन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी चर्चेत असलेली नावं’. उमेदवार की इच्छुक या वादापेक्षा ही षष्ठी जास्त घोटाळा करते, आणि ती सुधारायला एका प्रत्ययाचंच काम आहे.

क्रियापदांचंही थोडं. अमेरिकेत लोक पदासाठी ‘धावतात’; मराठीत माणूस निवडणुकीला ‘उभा राहतो’ किंवा ‘रिंगणात उतरतो’. थिओडोर रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये आपली टोपी रिंगणात पडली आहे असं म्हणून उभं राहण्याचं सूचित केलं. मुष्टियुद्धातून आलेला तो वाक्प्रचार. टोपी फेकण्याचं शब्दशः भाषांतर कशाला, कोल्हापूरच्या तालमीने ‘शड्डू ठोकला’ दिलेला आहे, शिवाय ‘दंड थोपटले’.

आणि बाहेर पडतानाचं. तिथले दावेदार हरू लागले की ‘मोहीम स्थगित’ करतात. हिशेब आणि जमवलेले प्रतिनिधी यांच्या दृष्टीने त्या शब्दाला तिथे अर्थ आहे. मराठी वाचकाला मात्र ‘स्थगित’ म्हणजे पुढे कधीतरी पुन्हा सुरू होणार असं वाटतं. रुडी जुलियानी २००७ मध्ये देशव्यापी जनमत चाचण्यांत रिपब्लिकनांमध्ये बराच काळ सर्वांत पुढे होते. फ्लोरिडात हरल्यावर ३० जानेवारी २००८ ला ते बाहेर पडले आणि त्यांनी जॉन मॅकेन यांना पाठिंबा दिला. याला मराठीत ‘माघार घेतली’ म्हणावं.